फिलेमोनीकाकांचा लॅपटॉप

१

लॅपटॉप हँग होतो म्हणून जो कोणी माझ्याकडे येतो, तो आधी एक खोटं बोलतो. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." मग मी खालचे स्क्रू काढते आणि आतून वाळलेला कोको निघतो, मुंग्यांचं वारूळ निघतं, एकदा तर पालीची दोन अंडी निघाली होती. ज्याचा तो लॅपटॉप, तो माणूस म्हणाला, "हे कंपनीनेच घातलेलं असणार."

बारा वर्षं मी आमच्या बेटावरच्या वाइतेलेच्या हमरस्त्यावर, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, हे दुकान चालवते. माझं नाव वायोला. नवरा वर्षातले सहा महिने न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातो, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई, पालेपा. सासूबाईंचं तोंड कोंबड्याच्या आधी उघडतं आणि आख्खी वस्ती झोपली तरी मिटत नाही. त्या आठवड्यात त्यांचा विषय होता गॅसची टाकी. ती रविवारीच संपली होती आणि मी मागच्या अंगणात नीरफणसाच्या खोडाला टेकवून ठेवली होती. आज भरून आणते, उद्या आणते, असं माझं चाललं होतं.

"चुलीच्या धुरात मी मेले की मग आण हो टाकी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मयताचा स्वयंपाक तरी गॅसवर होईल."

सोमवारी दुपारी फिलेमोनीकाका आले. काखेत फुलाफुलांच्या लावालाव्यात, म्हणजे कमरेला नेसायच्या कापडात, गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. हे काका दक्षिण किनाऱ्यावरच्या मालाएताई गावचे, देवळातल्या गायकवृंदाचे जुने मास्तर. त्सुनामीच्या लाटेनंतर ते गाव किनारा सोडून वर डोंगरात गेलं. हल्ली ते आमच्यापासून दोन गल्ल्यांवर पुतणीकडे उतरले होते, कारण शनिवारी सकाळच्या विमानाने ते ब्रिस्बेनला मुलाकडे चालले होते. कायमचे.

"पोरी, हा हँग होतो," ते म्हणाले. "आणि मी काहीएक केलेलं नाही."

"ते तर मला ठाऊकच आहे, काका."

पंधरा वर्षांचा लॅपटॉप. माझ्या दुकानात इतका म्हातारा दुसरा आला नव्हता. पंख्यात पांढरी बारीक वाळू होती. मी ती ब्रशने झटकली तसे काका पुढे वाकले. म्हणाले, "टाकू नकोस, कागदात बांधून दे." मला हसू आलं, पण दिली बांधून.

मग त्यांनी काम सांगितलं. त्या लॅपटॉपमध्ये एकच व्हिडिओ होता, वीस मिनिटांचा. घरातली संध्याकाळची प्रार्थना, आणि तिच्यात गाणारी त्यांची बायको, एसेता. लाट आली त्या दिवशी लॅपटॉप काकांबरोबर नवा चार्जर घ्यायला शहरात आला होता. एसेता गावातच होती.

"चेहरा फोटोत आहे गं," काका म्हणाले. "आवाज दुसरीकडे कुठेच नाही. रोज सकाळी लावायचो. आता महिनाभर व्हिडिओ सुरूच होत नाही, आणि परवा मला शेवटच्या ओवीची तिसरी ओळ तिच्या आवाजात आठवेना. माझ्याच आवाजात आठवली. मला भीती वाटली."

मी म्हटलं, "शुक्रवारी घेऊन जा." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. बारा वर्षांचा अनुभव बोलत होता.

२

दुपारभरात मी जे करायचं ते केलं. पंखा साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली, रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवली. साडेपाचला म्हातारा असा पळायला लागला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

सहा बावीसला तो हँग झाला.

आता हँग होण्याचे प्रकार असतात. साधारणपणे बाण अडकतो, पंखा मात्र घोंघावत राहतो. इथे पंख्याचाही आवाज बंद. बटणाचा दिवा अर्धवट उजेडात थांबलेला, म्हणजे धड पेटलेला नाही, धड विझलेला नाही. मी बटण दाबून धरलं, पन्नासपर्यंत आकडे मोजले. काही नाही. शेवटी बॅटरी उपसून काढली, तेव्हा सुटला. परत लावला तर गुणी बाळासारखा चालू.

"काय गं, काय झालं?" आतून सासूबाई.

"काही नाही, आई. म्हातारा दमला."

"मग त्याला दमू दे. दिवेलागणीला मशीनसुद्धा विसावा घेतं, तूच काय ती घेत नाहीस."

हा टोमणा मला रोजचाच. आमच्याकडे गावोगाव दिवस मावळताना सा असते, प्रार्थनेची सक्तीची वेळ. पहिली घंटा झाली की घरी या, दुसरी झाली की चटईवर बसून प्रार्थना, तिसरी झाली की सुटलात. मधल्या वेळात कुणी हिंडताना दिसलं की रस्त्याच्या कडेने रांगेत पहारा देणारे गावचे तरणे पुरुष त्याला अडवतात, आणि मग मताई, म्हणजे गावची कर्ती मंडळी, दंड ठोकतात. वाइतेले हे मुळात गावच नव्हे, विकत घेतलेल्या जमिनींवरची वस्ती. इथे मताई नाहीत आणि सा-ही नाही. कामावरून सुटलेली माणसं सहा वाजताच माझ्याकडे येतात. सासूबाई एकट्याच आत बसून मोठ्याने प्रार्थना म्हणतात, निम्मी देवासाठी आणि निम्मी मला ऐकू जावी म्हणून.

मंगळवारी सकाळी खरा रोग सापडला. हार्डडिस्क मरायला टेकली होती. दिवसाचं अडखळणं तिचंच होतं. एकच उपाय होता, जीव आहे तोवर व्हिडिओ दुसरीकडे उतरवून घ्यायचा. कॉपी लावली तर पडद्यावर वेळ आली सव्वीस तास. गोगलगाय बरी. आणि अर्धी उतरलेली फाईल म्हणजे काहीच नाही, मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी काकांना निरोप पाठवला की काळजी नको. संध्याकाळी सहा बावीसला कॉपी थांबली. पंखा बंद, दिवा अर्धवट. बॅटरी उपसली. शून्य.

३

मी काही घाबरट बाई नाही. म्हटलं, हा म्हातारा नाटकी आहे, ह्याच्या नादी लागायलाच नको. बुधवारी सकाळी डिस्क बाहेर काढली, केबलने माझ्या स्वतःच्या मशीनला जोडली आणि पुन्हा कॉपी लावली. माझं मशीन दोन वर्षांचं, तगडं, त्याने कधी शिंकसुद्धा दिलेली नाही.

संध्याकाळी सहा वाजता गिऱ्हाईक नव्हतं. मी टेबलफॅन माझ्याकडे वळवून बसले होते. सहा बावीसला माझं मशीन थिजलं.

म्हटलं, आता हे काय नवीन? मग लक्षात आलं की वारा लागत नाहीये. टेबलफॅनची पाती थांबली होती. वीज मात्र होती, डोक्यावर बल्ब जळत होता. मी पात्याला पेन्सिलने ढकललं. कुणीतरी पलीकडून धरून ठेवावं तसं ते हललंच नाही.

व्होल्टेज पडलं असणार, मी मनात म्हटलं. व्होल्टेज पडलं की पंखा असाच करतो. पण बल्ब मंद नव्हता. आणि भिंतीवर, बल्बाशेजारी, पाल होती. तिच्या तोंडापासून बोटभर अंतरावर एक पतंग हवेत होता. पंख पसरलेले, आणि एकाच जागी.

मी डिस्कची केबल खेचली. पंखा फिरला, पालीने पतंग गिळला, आणि आतून सासूबाईंची प्रार्थना पुढच्या शब्दापासून सुरू झाली. ती मध्ये थांबली होती हे मला तेव्हा कळलं.

"आई, आत्ता दिवे गेले होते का?"

"दिवे कुठले जातात? टाकी आणलीस का?"

त्या रात्री मी कॉपी पुन्हा लावली आणि स्वतःला बरंच समजावलं. डोळ्यांना ताण. जेवण वेळेवर नाही. नवरा लांब. बारा वर्षं एका खोलीत बसून माणूस वेडगळ होणारच. गंमत म्हणजे मला ते जवळजवळ पटलंही.

४

गुरुवारी काका नारळाच्या रसात भिजवलेले गोड पाव घेऊन आले. सासूबाईंना पाव दिसले की त्यांच्या जिभेला दुहेरी धार चढते.

"मास्तर, तुम्ही ब्रिस्बेनला जाऊन करणार काय? तिथे म्हणे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही."

"मग बरंच की, पालेपाबाई. मी वाटेल तेवढ्या मोठ्याने गाईन."

"आत्ता काय हळू गाता?"

मी विचारलं, "काका, हा लॅपटॉप संध्याकाळी असाच करायचा का हो?"

"मला काय माहीत? संध्याकाळी मी त्याला हात लावत नाही," काका म्हणाले आणि खदखदून हसले. "एकदा लावला, तर एक डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची दोन खोकी दंडात गेली."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. नवा लॅपटॉप घरात आला होता. एसेता गायची ती फक्त प्रार्थनेतच, एरवी नुसती लाजायची. म्हणून काकांनी बिस्किटांच्या डब्यावर लॅपटॉप उघडा ठेवला आणि सा-च्या मधोमध व्हिडिओ सुरू केला. गावात नियम असा की सा-च्या वेळी यंत्राला हात नाही, रेडिओ नाही, शिवणयंत्र नाही. सगळं छान चाललं होतं. शेवटची ओवी सुरू झाली, आणि लॅपटॉपचा उजेड कुंपणाबाहेरच्या पहारेकऱ्याला दिसला.

"तो बॅटरी मारत आला. मी म्हटलं, अरे बाप रे! आणि झाकण दाणकन लावून टाकलं. एसेताची ओळ अर्धीच राहिली. तिसरी घंटा तर त्याच्यात आलीच नाही. आमची तिसरी घंटा छान असायची बरं का. रिकामी चिंचोळी गॅसची टाकी टांगून केलेली. ठण, ठण, मग जरा थांबायचं, आणि मग ठण! ती ऐकली की पोरं पाखरासारखी उडायची."

"आणि एसेता काय म्हणाली तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, मला अर्ध्यात कोंडलंत."

सासूबाई पोट धरून हसल्या. मीही हसले. काका मात्र हसता हसता थांबले आणि मला म्हणाले, "पोरी, मिळेल ना गं?"

"मिळेल," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी मशीनसमोर न बसता खिडकीशी उभी राहिले. सहा बावीस झाले. शेजारच्या मेतीच्या अंगणात दोरीवर तिच्या नवऱ्याचे तीन सदरे वाळत होते. वारं होतं, सदऱ्यांच्या पोटात हवा भरली होती. ते तसेच फुगलेले राहिले. दोरीखाली तिचा कोंबडा एक पाय उचलून उभा होता, आणि तो पाय खाली येईना. हमरस्त्यावर एकही गाडी नाही. संध्याकाळी सहाला वाइतेलेचा रस्ता रिकामा, हे मी जन्मात पाहिलेलं नाही.

आणि माझ्या मागे, दुकानात, कुणीतरी खोकला दाबला.

एकच माणूस असता तर मी वळले असते. पण चटईची सळसळ झाली, एक लहान मूल काही पुटपुटलं आणि त्याला कुणीतरी "शू" केलं. पुष्कळ माणसं दाटीवाटीने, मुकाट्याने बसली की खोलीतली हवा जशी जड होते, तशी ती माझ्या पाठीला लागत होती. मी मागे न बघता हात लांबवला, चाचपत केबल शोधली आणि ओढली.

सदरे दोरीवर लटकन खाली आले. कोंबड्याने पाय टेकला. मी वळले तर खोली रिकामी होती, फक्त फरशीवर टेबलापाशी चिमूटभर पांढरी वाळू होती. काकांना बांधून दिली होती त्यातलीच सांडली असणार, असं मी म्हटलं. झाडून टाकली आणि कॉपी पुन्हा पहिल्यापासून लावली. सहा चाळीस झाले होते. सव्वीस तास धरले तर शुक्रवारी पावणेनऊपर्यंत होणार होतं, म्हणजे मध्ये एक सहा बावीस येणारच होतं. ह्यानंतर दुसरी संधी नव्हती. डिस्क आता टकटक करायला लागली होती, आणि अशी टकटक करणारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

५

शुक्रवारी मी दुकानाचा पुढचा दरवाजा बंदच ठेवला. काका पाचलाच आले, नवा सदरा घालून, जणू कुणाला आणायला चालले होते. सासूबाईंनी मागच्या चुलीवर अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दूध बांधून शिजवलं होतं. मास्तरांचं आमच्याकडचं शेवटचं जेवण म्हणून त्यांनी दुकानातच चटई अंथरली, तीन थाळ्या मांडल्या, आणि मला ऐकवायला सुरुवात केली.

"पाहुणा घरी येणार, आणि ही बया टाकी आणत नाही. धुराने माझे डोळे बघा मास्तर, लाल झालेत की नाही?"

"सुंदर दिसतायत, पालेपाबाई."

"तुमच्या जिभेला हाड नाही हो ह्या वयात!"

पडद्यावर एक्क्याण्णव टक्के. घड्याळात सहा वीस. मी खुर्चीत ताठ बसले होते, हात केबलपासून लांब, मांडीखाली दाबलेले. काका चटईवर मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. जुनी सवय.

"आणि मी म्हणते," सासूबाई पळी नाचवत म्हणाल्या, "म्हातारं माणूस ओरडून ओरडून"

आणि थांबल्या.

तोंड उघडं. पळी हवेत. पळीच्या टोकाला दुधाचा थेंब, लोंबणारा, न पडणारा.

"आई?" मी म्हटलं. "आई, चेष्टा पुरे."

मी उठले. त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागत नव्हता. काकांकडे गेले, त्यांच्याही नाकाशी नाही. बाईच्या बडबडीला मी बारा वर्षं कंटाळले आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण त्या शांततेत मला रडू फुटलं. ह्या घरात दुसरा आवाज तिचाच आहे, आणि तो नसला तर मी नुसती स्क्रू फिरवणारी एक बाई आहे, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं.

केबल. ओढली की सुटतील. मी हात घातला. पडद्यावर एक्क्याण्णव. ओढली की सासूबाई सुटतील आणि एसेता जाईल. काकांचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा माझ्यासमोर होता, नवा सदरा होता.

खिडकीच्या काचपट्ट्यांतून बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेने माणसं उभी होती. दहा-दहा पावलांवर एकेक, लावालावा नेसलेली, पाठ माझ्याकडे. थेट वळणापर्यंत रांग होती. आमच्या वस्तीत असा पहारा कधी नव्हता. त्यांच्या लावालाव्यांतून पाणी ठिबकत नव्हतं, पण ते ओले होते. आणि सगळ्यात जवळचा, आमच्या फाटकापाशी उभा असलेला, मान वळवायला लागला होता. अगदी सावकाश. मी एकटीच हलत होते ना. सा-च्या वेळी हलणारी मीच तेवढी होते.

मी मटकन खाली बसले. मान वळायची थांबली.

बसून राहिले की ते थांबतात. पण सुटत कुणीच नाही. आणि सासूबाईंच्या नाकातून श्वास येत नाही. किती वेळ चालतं असं? ह्या सा-ला शेवटच नव्हता, झाकण लावलं तेव्हा तिसरी घंटा झालीच नव्हती. पंधरा वर्षं ही मालाएताईची मंडळी बसली आहेत.

मग मला गॅसची टाकी आठवली.

६

दुकानातून मागच्या अंगणात जायला वीस पावलं लागतात. मी मोठा पाना उचलला आणि चालायला लागले. पहिल्याच पावलाला बाहेर, रस्त्यावर, एक शिट्टी वाजली. हळू, इशाऱ्याची. स्वयंपाकघरात पोचले तेव्हा फाटकाची कडी वाजली. मी पळाले नाही. घराच्या बाजूने वाळूवरून चालल्यासारखी पावलं माझ्याबरोबरच मागे येत होती. आमच्या घराच्या बाजूला सिमेंट आहे.

मनातल्या मनात मी सासूबाईंना म्हणत होते, आई, तुमच्या शपथेवर सांगते, उद्याच्या उद्या भरून आणते. फक्त आज ती रिकामी आहे हे बरं आहे.

नीरफणसाखाली टाकी होती. बॅटरीचा उजेड माझ्या पाठीवर पडला, माझी सावली टाकीवर उमटली. तिच्या शेजारी दुसरी सावली उमटली, माझ्याहून हातभर उंच. मी पाना उचलला.

ठण. ठण.

थांबायचं होतं. काका म्हणाले होते, मग जरा थांबायचं. ते थांबणं मी कसं थांबले, माझं मला माहीत. मानेवर कुणाचा तरी ओला श्वास होता.

ठण!

खोडाला टेकलेली टाकी, तिचा आवाज तो काय असणार. घशात अडकल्यासारखा वाजला. पण वाजला. उजेड विझला. मेतीच्या अंगणात कोंबडा आरवला, हमरस्त्यावर बसचा भोंगा वाजला, आणि घरातून सासूबाईंचा आवाज आला.

"घसा सुकला तरी टाकी येत नाही! आणि ही तिकडे वाजवत काय बसलीय? वायोला! रिकामी टाकी वाजवून भरत नाही गं!"

इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. मी तिथेच पाना टाकला आणि आत धावले. आत आले तेव्हा खोलीत एकच गडबड असल्याचा भास झाला, गुडघे मोडल्याचे, अंग सोडल्याचे, पोरं दारातून सुसाट बाहेर पळाल्याचे आवाज, आणि माझ्या घोट्यांना काहीतरी घासून गेलं. मग काही नाही. पळीवरचा थेंब सासूबाईंच्या पायावर पडला.

आठवडाभर रांगणारी डिस्क धावत सुटली होती. त्र्याण्णव, सत्त्याण्णव, शंभर. मग तिने एकदा टक केलं आणि ती कायमची गप्प झाली.

"झालं काका," मी म्हटलं.

काकांनी डोळे उघडले. "घंटा कुठे झाली गं?" ते म्हणाले. "मला वाटलं, मी गावात आहे."

७

माझा नियम आहे, तपासल्याशिवाय माल द्यायचा नाही. काका आणि सासूबाई जेवायला बसले, मी कानात इअरफोनच्या बोंड्या घातल्या आणि व्हिडिओचा शेवट लावला.

एसेता दिसली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोळे मिटून गाणारी. शेवटची ओवी. मग काकांचं "अरे बाप रे!", हात पुढे आला, पडदा काळा झाला. इथे संपायला हवं होतं. पण खालचे आकडे पुढे सरकतच राहिले.

काळ्या पडद्यावर श्वास ऐकू येत होते. चटईची सळसळ. दाबलेला खोकला. मग लांबून आवाज आला. ठण, ठण, थांबून ठण. घशात अडकल्यासारखा. त्याच्या मागोमाग, आणखी लांबून, एक बाई टाकीवरून कुणालातरी ओरडत होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये माझी सासू होती.

मग अगदी कानाशी, हसऱ्या, जराशा गोंधळलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "ही आपली घंटा नाही." थोडं थांबून, "अहो, पण झाली एकदाची. झाकण उघडा आता."

मी बोंड्या काढल्या. जुना लॅपटॉप टेबलाच्या कडेला पडलेला होता. झाकण लावलेलं, आत डिस्क नाही, बॅटरी नाही. शेवटचं अर्धं मिनिट कापून टाकायला मला काही वेळ लागला नसता.

"शेवटपर्यंत आहे ना, पोरी?" काकांनी विचारलं.

"आहे, काका. शेवटपर्यंत."

त्यांनी हात पुसले आणि बोंड्या कानात घातल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधी ओठ हलले, ओवीबरोबर. तिसऱ्या ओळीला डोळे भरले, आणि ते माझ्याकडे बघून मान डोलवत राहिले, सापडली, सापडली म्हणून. मग ओवी संपली, तरी ते ऐकतच राहिले. आणि मग नव्या नवऱ्यासारखं लाजत म्हणाले, "आलो गं, आलो."

त्यांनी जुना लॅपटॉप ओढून चटईवर, थाळ्यांच्या मध्ये ठेवला आणि झाकण उघडलं.

मी झाकणाच्या मागच्या बाजूला उभी होते, त्यामुळे पडदा मला दिसला नाही. काकांच्या चेहऱ्यावर मात्र कंदिलाचा असतो तसा पिवळा उजेड पडला आणि हलायला लागला. सासूबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं. घास हातात, तोंड उघडं. मी टाकीबद्दलच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

सासूबाईंनी तोंड मिटलं. दारात पाहुणा आला की करतात तशी मान झुकवली. मग एक अक्षर न बोलता त्या चटईवर हातभर बाजूला सरकल्या, आणि चौथी थाळी घ्यायला हात लांब केला.